मिरवणूक, रंगमंदिर आणि एकच ट्रम्पेट: एका निवडीचं प्रकरण

पुण्यातल्या एका ब्रास बँडमध्ये वाजवणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाचं हे प्रकरण. त्याचं नाव देत नाही, बँडचंही नाही. बाकीचा तपशील त्याला विचारूनच लिहिला आहे. मी पितळी वाद्यांची दुरुस्ती करतो आणि थोडं शिकवतो. नवा ट्रम्पेट घ्यायचा म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याचं मन जवळजवळ ठरलेलं होतं. "काका, दीड लाखापर्यंत जमवलेत. लार्ज बोअरचा घेतो, चांदीचा मुलामा असलेला. आवाज मोठा येतो ना त्याचा?" लार्ज बोअर म्हणजे आतून जरा रुंद नळीचा.

दोन-तीन लग्नसराया फुंकून साठवलेला पैसा होता तो. असा पैसा ऐकीव माहितीवर खर्च होताना बघवत नाही. म्हणून त्याला म्हटलं, कुठला ट्रम्पेट घ्यायचा ते नंतर बघू, आधी तू वर्षभर काय वाजवतोस ते सांग.

काम नेमकं कोणतं

त्याचं वर्ष तीन तुकड्यांत विभागलेलं आहे. पहिला तुकडा गणपतीचा. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, आणि तिच्यात बँडचं स्थान फार जुनं आहे. प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही नावं लक्ष्मी रोडवर उभं राहून मिरवणूक पाहिलेल्या कुणालाही सांगावी लागत नाहीत. लोक बँडकडून नाट्यगीतं ऐकायला थांबतात. फर्माईश करतात, दाद देतात, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, चुकली तर त्यांना कळतं. एकीकडे पुढेमागे ढोल-ताशाची पथकं, वरून पावसाची सर, हवेत गुलाल, आणि त्यातच गायकी अंगाने वाजवायचं.

दुसरा तुकडा लग्नसराईचा. तिथे वेग, ताकद आणि टिकाऊपणा लागतो. तिसरा तुकडा त्याच्या मनात सर्वांत मोठा आहे: बालगंधर्व रंगमंदिरात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात होणारे जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम, आणि हल्ली अधूनमधून मिळणारं रेकॉर्डिंग. इथे समोर माइक, शेजारी कीबोर्ड आणि गाणारा माणूस. आवाज मोठा असून उपयोग नाही, सूर नेमका हवा.

हे ऐकल्यावर मी त्याला विचारलं, या सगळ्यात तुला सर्वांत जड काय जातं? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तीन तास वाजवून झाल्यावर कुणी नाट्यगीत सांगितलं की हळू आवाजात पहिला सूरच लागत नाही. हवा जाते, आवाज येत नाही. आणि काळी एकच्या गाण्यात खालचा नी कायम चढा लागतो."

माझ्या मते निवड इथेच निम्मी झाली. वाद्य निवडायचं ते आपल्या सर्वांत कठीण तासासाठी, कारण सोप्या तासात बहुतेक सगळी वाद्यं बरी वाजतात.

काळी एकचा नी

काळी एक म्हणजे हार्मोनियमवरची पहिली काळी पट्टी, तिलाच सा धरून वाजवायचं. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या वादकांना तो रोज भेटतो आणि ट्रम्पेटच्या पाश्चात्त्य पुस्तकांत या रूपात सापडत नाही.

आपला नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता येणारा 'सी' हा हार्मोनियमवरची काळी पाच असतो. दुसरा व्हॉल्व्ह स्वर अर्ध्याने उतरवतो, पहिला पूर्ण स्वराने, तिसरा दीड स्वराने. प्रत्येक व्हॉल्व्ह एक जादा नळी मधे जोडतो. गोची अशी की पहिला दाबून नळी लांब झाली की तिसऱ्याची नळी त्या वाढलेल्या लांबीच्या मानाने तोकडी पडते. म्हणून पहिला-तिसरा एकत्र दाबला की स्वर चढा येतो, आणि तिन्ही दाबले की आणखी चढा. हा कुणा कारागिराचा दोष नाही, तीन व्हॉल्व्हच्या गणिताचाच भाग आहे. त्यावरचा उपाय म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी. डाव्या हाताचं बोट तिच्या कडीत घालून वाजवता वाजवता ती बाहेर ढकलायची.

आता काळी एकचा सा घ्या. बी फ्लॅट ट्रम्पेटवर तो दुसरा-तिसरा दाबून येतो. त्याच्या लगतचा खालचा शुद्ध निषाद पडतो नेमका पहिला-तिसरावर. सा-नी-सा ही तर गाण्यातली सर्वांत नेहमीची जागा, आणि तिथेच वाद्य सुराबाहेर खेचतं. त्याच्या जुन्या ट्रम्पेटची तिसरी नळी जाम झालेली होती, त्यामुळे कानाला कळत असूनही त्याला हाताने काही करता येत नव्हतं. तो ओठ सैल सोडून नी खाली ओढायचा, आणि तसं केलं की पुढचा सा डळमळायचा.

त्याला कुणीतरी सी ट्रम्पेट घ्यायला सांगितलं होतं, कारण अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत तो चालतो आणि स्वर बदलून वाचावे लागत नाहीत. ऑर्केस्ट्रात बसणाऱ्याला ते ठीक. पण सी ट्रम्पेटवर काळी एकचा मध्य सप्तकातला सा तिन्ही व्हॉल्व्ह दाबून येतो. म्हणजे नी सुटला आणि खुद्द षड्जच सर्वांत अडचणीच्या जागी जाऊन बसला. तो पर्याय आम्ही लगेच सोडून दिला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये वाजतात तसे रोटरी, म्हणजे फिरत्या व्हॉल्व्हचे ट्रम्पेटही यादीतून काढले. त्यांचा आवाज मला फार आवडतो, पण इथे त्यांची देखभाल कोण करणार?

बँडच्या मास्तरांनी कॉर्नेट सुचवला होता, आणि त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. कॉर्नेटची नळी बरीचशी शंकूसारखी रुंदावत जाते, ट्रम्पेटची बऱ्याच भागात एकाच रुंदीची असते. त्यामुळे कॉर्नेटचा आवाज गोल आणि मऊ, नाट्यगीताला शोभणारा. दिवाणखान्यातल्या मैफलीसाठी मी तोच निवडला असता. पण ढोल-ताशाच्या शेजारी तो मऊपणाच आड येतो.

आधी जुनं वाद्य

नवं बघण्याआधी त्याचा जुना ट्रम्पेट मी टेबलावर घेतला. मेरठच्या बनावटीचा, कारागिराचं नाव नसलेला, मास्तरांकडून त्याला मिळालेला. मेरठच्या जलीकोठीत घडलेल्या वाद्यांवर देशभरातले बँड उभे आहेत, त्यामुळे अशा वाद्याकडे मी कमी लेखून बघत नाही.

पाणी काढायच्या किल्लीचा बूच सुकून आकसला होता आणि तिथून हवा गळत होती. व्हॉल्व्हच्या टोप्यांखालचे फेल्ट दबून चपटे झाले होते. फेल्ट झिजले की पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हमधला वरखाली होणारा दांडा, जरा जास्त खाली जातो, पिस्टनची भोकं आणि नळीची तोंडं समोरासमोर येत नाहीत, हवेच्या वाटेत एक पायरी तयार होते. पिस्टनवर गुलाल आणि तेलाचा लगदा बसलेला होता. तो मात्र पुण्यातल्या जवळपास प्रत्येक बँडच्या वाद्यात अनंत चतुर्दशीनंतर सापडतो.

सर्वांत मोठी गोष्ट माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या तोंडाची निघाली. तो कॉर्नेटचा होता. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते, म्हणून ट्रम्पेटमध्ये घट्ट बसावी यासाठी तिला दोरा गुंडाळला होता. माउथपीसचं टोक आणि लीडपाइपची (माउथपीस जिच्यात बसतो त्या पहिल्या नळीची) सुरुवात यांच्यात किती मोकळी जागा राहते, यावर सूर किती लवकर आणि किती स्थिर लागतो हे बरंच ठरतं. इथे ती जागा दोऱ्याच्या मर्जीवर होती, आणि कडेने हवाही सुटत होती.

बूच, फेल्ट, साफसफाई, तिसरी नळी मोकळी, आणि ट्रम्पेटचाच एक साधा ७सी मापाचा माउथपीस. एवढ्यानेच त्याचा हळू आवाजातला पहिला सूर सुधारला. त्याला तो फरक पटकन कळला, आणि मलाही आता तुलनेसाठी एक भरवशाचं माप मिळालं. नादुरुस्त वाद्याशी तुलना केली तर दुकानातलं कुठलंही नवं वाद्य दैवीच वाटणार.

तीन ट्रम्पेट

बजेटमध्ये बसणारे आणि प्रत्यक्ष हातात घेता येतील असे तीन मिळाले. त्यांच्या कंपन्या इथे महत्त्वाच्या नाहीत, बनावट महत्त्वाची आहे.

पहिला नवा, वजनाने हलका, ११.६५ मिलिमीटर बोअरचा, पिवळ्या पितळेचा, दोन भाग जोडून केलेली बेल (पुढचं फुलत गेलेलं तोंड), मोनेल धातूचे पिस्टन. मोनेल म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. घामाने आणि ओलाव्याने तो सहसा खराब होत नाही. दुसरा सेकंडहँड अमेरिकी, जवळपास तेवढ्याच बोअरचा, पण एकाच पत्र्यातून ठोकून घडवलेली बेल, जाड भिंती, ट्यूनिंग स्लाइडला, म्हणजे सूर जुळवायच्या सरकत्या नळीला, दोन आडव्या पट्ट्या. तिसरा तोच, ज्यावर त्याचा जीव जडला होता: चांदीचा मुलामा, लार्ज बोअर, आणि रिव्हर्स लीडपाइप.

बोअरबद्दल इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. बोअर म्हणून जो आकडा छापतात तो दुसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीचा आतला व्यास. मीडियम ११.५ च्या आसपास, मीडियम-लार्ज ११.६५, लार्ज ११.७३ किंवा थोडा जास्त. म्हणजे सगळा वाद पाव मिलिमीटरचा. या आकड्यावरून मोकळेपणा जोखता येत नाही, कारण हवेला खरा अटकाव त्याआधी होतो. ७सीसारख्या माउथपीसचा गळा साधारण ३.६६ मिलिमीटरचा असतो. तिथून लीडपाइप हळूहळू रुंदावत जाते, पुढे सरळ नळी येते, आणि शेवटी बेल जवळजवळ १२३ मिलिमीटरपर्यंत फुलते. सगळी मिळून नळी सुमारे १.४८ मीटर. या वाटेवर लीडपाइपचा उतार आणि बेलच्या मानेचा फुलोरा कसा आहे, यावर वेगवेगळे स्वर एकमेकांशी जुळतात की भांडतात हे ठरतं. बाक कंपनीच्या ट्रम्पेटवरचा प्रसिद्ध ३७ हा आकडाही बेलचा आहे, बोअरचा नाही. व्हिन्सेंट बाक स्वतः ट्रम्पेटवादक होते, इंजिनिअरिंग शिकलेले. न्यूयॉर्कमध्ये १९१८ मध्ये त्यांनी सुरुवात केली ती माउथपीसपासून, ट्रम्पेट नंतर आले. हा क्रम मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो.

रिव्हर्स लीडपाइपचं तत्त्व चांगलं आहे. नेहमीच्या रचनेत ट्यूनिंग स्लाइड वरच्या नळीच्या आत शिरते, त्यामुळे स्लाइड ओढली की आत एक खाच उघडी पडते. उलट्या रचनेत स्लाइड लीडपाइपच्या बाहेरून बसते, ती खाच पुढे जाते, आणि फुंक मोकळी लागते. शिकागोचे रेनल्ड शिल्की अशा हलक्या, मोकळ्या बनावटीचे पुरस्कर्ते होते, आणि १९६० च्या दशकात यामाहाच्या ट्रम्पेटच्या रचनेत त्यांचा सल्ला होता. पण मोकळी फुंक सगळ्यांनाच सोयीची पडत नाही. ओठाला टेकायला थोडा विरोध लागतो. तो नसेल तर दमसास लवकर संपतो, आणि थकलेल्या ओठांना सूर धरून ठेवायला आधार उरत नाही.

धातूबद्दल त्याने बरंच विचारलं. पिवळ्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबं, गोल्ड ब्रासमध्ये ८५ च्या आसपास. वादक म्हणतात की तांबं वाढलं की आवाज ऊबदार होतो. माझा अनुभव सांगतो की आकार सारखाच ठेवला तर हा फरक वाजवणाऱ्याला जितका जाणवतो तितका ऐकणाऱ्याला जाणवत नाही. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी ट्रॉम्बोनच्या बेलची जाडी बदलून, वादकांना कुठली बेल आहे ते कळू न देता चाचण्या घेतल्या होत्या; वादकांना फरक ओळखता आला नव्हता. म्हणून मुलाम्यासाठी आणि बेलच्या रंगासाठी पैसे मोजू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मैदानावर आणि हॉलमध्ये

दुकानातल्या खोलीत ट्रम्पेट पारखणं मला पटत नाही. भिंती जवळ असल्या की आवाज परत कानावर येतो आणि सगळंच भरदार वाटतं. आम्ही एका शाळेच्या मैदानावर गेलो. मास्तर पलीकडच्या टोकाला पाठ करून उभे राहिले. तिन्हींवर माउथपीस एकच, त्याचा नवा ७सी.

आधी एकेक ओळ जोरात. त्याची खात्री होती की चांदीचा लार्ज बोअर सर्वांत मोठा वाजतोय. मास्तरांनी हात वर केला तो दुसऱ्याला, आणि पुन्हा वाजवल्यावर पुन्हा दुसऱ्यालाच. पहिला आणि तिसरा त्यांना लांबून सारखेच वाटले. बेलच्या मागे उभ्या माणसाला जे ऐकू येतं आणि समोर लांब जे पोचतं, ते वेगळं असतं. मोकळ्या फुंकेत वादकाला स्वतःचा आवाज पसरलेला ऐकू येतो. लांब पोचतो तो भरीव, वरच्या स्वरांशांनी उजळलेला आवाज.

मग जे महत्त्वाचं ते. त्याला मी मिरवणुकीसारखं सलग वाजवायला लावलं, ओठ खरोखर थकेपर्यंत, आणि लगेच हळू आवाजात काळी एकचा सा, खालचा नी, परत सा. चांदीच्या ट्रम्पेटवर सा लागायला वेळ लागू लागला. आधी हवा, मग सूर. म्हणजे ज्या तक्रारीपासून तो पळत होता तीच, फक्त चकचकीत वाद्यात. दुसरा आणि पहिला, दोघांवर सूर चटकन लागला.

आता मींड. ट्रम्पेटवर मींड काढायची तर व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ओठाने सूर वाहवत न्यायचा. जड, घट्ट जोडण्यांचा दुसरा ट्रम्पेट प्रत्येक स्वर पक्का पकडून ठेवत होता. पाश्चात्त्य संगीतात हा मोठा गुण आहे: नेमका स्वर, नेमक्या जागी. पण धैवतावरून पंचमावर घसरताना तो मधेच अडखळवत होता, मधले स्वर पायऱ्यांसारखे उमटत होते. हलक्या पहिल्यावर तीच जागा सलग आली. मास्तरांनी पहिल्यांदाच मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "हां, हे गातंय."

नंतर एका हॉलमध्ये, एसी चालू ठेवून, कीबोर्डबरोबर. हवा १० अंशांनी तापली तर ध्वनीचा वेग पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. श्वासाने नळीतली हवा गरम असल्यामुळे ट्रम्पेटमध्ये प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी पडतो, तरी उन्हातल्या वरातीतून थेट थंड रंगमंदिरात येणाऱ्याला ट्यूनिंग स्लाइड बरीच हलवावी लागते. पहिल्याची स्लाइड आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी सहज हलत होती. सेकंडहँडची मुख्य स्लाइड घट्ट होती, ते मी दुरुस्त करू शकलो असतो. पण त्याचे व्हॉल्व्ह मी तपासले: पहिल्या व्हॉल्व्हची नळी ओढली, थांबलो, व्हॉल्व्ह दाबला. चांगल्या वाद्यात 'फट्' असा आवाज येतो, कारण नळीतली पोकळी तोवर टिकून असते. इथे फारसं काही ऐकू आलं नाही. पिस्टन झिजलेले होते. त्यावर मुलामा चढवून ते पुन्हा बसवणं हे खर्चाचं, बाहेरगावी पाठवून करायचं काम.

काय घेतलं, आणि पुढे काय झालं

त्याने पहिला घेतला. बजेटच्या बऱ्याच आत. चांदीचा ट्रम्पेट परत करताना त्याला वाईट वाटलं हे मी पाहिलं, आणि ते मला समजू शकतं. बँडवाल्याचं वाद्य चारचौघांत दिसतं, आणि चकाकी हाही मानाचा भाग असतो. पण तो म्हणाला, "काका, नी लागला ना, मग झालं."

उरलेल्या पैशांतून दोन गोष्टी केल्या. दुसरा, खोल कपाचा (ओठ टेकतात त्या वाटीचा) ५बी माउथपीस घेतला. बाकच्या क्रमांकात आकडा कमी तितका कप रुंद, आणि अक्षर ए कडे जाईल तितका खोल. खोल कपाने आवाज गडद होतो आणि वरचे स्वर जड जातात, म्हणून तो फक्त माइकसमोर वापरायचा. आणि जुना मेरठचा ट्रम्पेट पूर्ण नीट करून पावसाच्या, गुलालाच्या दिवसांसाठी राखला. मिरवणुकीत गुलाल उधळायला लागला की तो जुनाच हातात घेतो. नवा बाहेर काढतो ते बेलबाग चौकासारख्या ठिकाणी, जिथे लोक थांबून गाणं मागतात.

एक हंगाम गेल्यावर आम्ही पुन्हा बसलो. हळू आवाजातला सूर सुधारला होता, पण त्याने स्वतःच सांगितलं की त्यातला अर्धा भाग रोजच्या लांब सुरांच्या रियाजाचा आहे, आणि मला ते पटतं. खालचा नी आता बोटाच्या सवयीत बसलाय. तिसरी नळी किती सरकवायची हे त्याला बघावं लागत नाही. वरातीत शेवटच्या तासाला तारसप्तकात आवाज थोडा पातळ होतो. जड बेलच्या ट्रम्पेटवर तो भरीव राहिला असता, एवढी किंमत या निवडीत मोजली आहे. रेकॉर्डिंगला एकदा आवाज जास्त उजळ आहे असं सांगण्यात आलं. त्याने ५बी लावला आणि माइकपासून थोडा बाजूला वळून वाजवलं, तेवढ्याने भागलं.

तो जड अमेरिकी ट्रम्पेट पडून राहिला नाही. माझ्याकडे शिकणारी कॅम्पातली एक मुलगी चर्चमध्ये आणि पाश्चात्त्य शास्त्रीय कार्यक्रमांत वाजवते. तिला मींडेची गरज पडत नाही. स्वर जागच्या जागी पक्का हवा असतो, आणि तिच्या हातात त्या वाद्याचा आवाज फार सुंदर उतरतो. तिने ते पिस्टनच्या कामाचा खर्च धरून घेतलं. पिस्टन सध्या कामाला गेले आहेत. ते परत आले की तिच्या माउथपीसची दांडी आणि लीडपाइप यांच्यातली मोकळी जागा आधी मोजायची आहे, कारण तिचा ३सी त्यात जरा जास्तच आत जातो.